खांद्यावरची आजी आणि शिखरजीची वाट



मागच्या माघात आम्ही सम्मेद शिखरजीला जाऊन आलो. कॉलेजात असल्यापासून मनात एक गोष्ट धरून ठेवली होती, की शिखरजीची वंदना करीन ती सगळी पायी. नऊ किलोमीटर चढ, वर टोंकांची नऊ किलोमीटरची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार, म्हणजे सत्तावीस. लग्न, मुलं, सासूबाईंचं आजारपण यात चाळीस वर्षं निघून गेली. आता वेळ मिळाला, तर गुडघे राहिले नव्हते. पहाटे तीनला मधुबनातून काठी टेकत निघाले, गंधर्व नाल्यापर्यंत पोचले आणि पाय उचलेना. शेवटी डोली केली. सून म्हणाली, "आई, दर्शन झालं ना? मग झालं की." पण मी परतीच्या गाडीत दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही.

घरी आल्यावर आजेसासूबाईंच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट आठवली आणि मग आचार्य शांतिसागर महाराजांचं चरित्र पुन्हा काढून वाचलं. तेच आज लिहिते आहे.

महाराजांचं गृहस्थपणीचं नाव सातगौडा. जन्म १८७२ चा, आजोळी येळगुडला. गाव भोज, बेळगाव जिल्ह्यात, दूधगंगा आणि वेदगंगा जिथे मिळतात तिथे. घर पाटलांचं. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी लग्न झालं, मुलगी थोड्याच दिवसांत वारली, आणि त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. दीक्षा घ्यायची इच्छा लहान वयापासूनची, पण आम्ही आहोत तोवर घर सोडू नकोस हा वडिलांचा शब्द त्यांनी पाळला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी जीव तळमळत होता, तिच्यासाठी त्यांनी चाळिशी उलटेपर्यंत वाट पाहिली. आपण बायका हे वाचताना जरा थांबतोच.

घरचं कापडाचं दुकान होतं. सांगतात, की सातगौडा दुकानात शास्त्र वाचत बसायचे. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, हवं ते कापड घे, मोजून घे आणि वहीत लिहून ठेव. मी बी.कॉम. झालेली बाई, मला हे वाचून आधी धडधडलंच. अशा दुकानाचा ताळेबंद कसा जमत असेल! पण दुकान चालत होतं म्हणे.

अंगात ताकद मोठी होती. आदिसागर मुनी भोजला आले की त्यांना खांद्यावर घेऊन नदीच्या पाण्यातून पलीकडे नेऊन सोडत. बत्तिसाव्या वर्षी ते शिखरजीला गेले. चढावर एक म्हातारी बसून राहिलेली दिसली. इतक्या लांबून आली होती आणि आता चढवत नव्हतं. सातगौडांनी तिला पाठीवर घेतलं आणि वंदना करवून आणली. त्याच यात्रेत त्यांनी तूप आणि तेल जन्मभरासाठी सोडलं.

या म्हातारीचं नाव कुठे लिहिलेलं नाही. कुठली, कोणाची, तिनं किती वर्षं पैसे साठवले, काही नाही. सगळे चरित्रकार महाराजांची ताकद सांगतात आणि पुढे जातात. मला मात्र आता तीच दिसत राहते. परक्या तरुणाच्या पाठीवर बसताना तिला लाज वाटली असेल का? की मनात फक्त टोंक होती?

आईवडील गेल्यावर त्यांनी क्षुल्लक दीक्षा घेतली, १९२० मध्ये यरनाळला मुनिदीक्षा आणि १९२४ मध्ये समडोळीला आचार्यपद. त्या वेळी दिगंबर मुनी मोजकेच उरले होते. गावात आहाराला जाताना अंगावर वस्त्र घेण्याची आणि कुठल्या घरी जायचं ते आधी ठरवून ठेवण्याची पद्धत पडली होती. महाराजांनी ती मोडली. मुनीनं शास्त्रात सांगितल्याप्रमाणे राहायचं, आणि तसं राहून देशभर चालायचं, हे त्यांनी आयुष्याचं काम मानलं.

१९२७ चा चातुर्मास कुंभोजजवळ बाहुबलीला झाला. तो संपल्यावर संघ शिखरजीला निघाला. आमच्या आजेसासूबाई त्याच भागातल्या, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या. त्या सांगायच्या, की बायका रडत होत्या. महाराज परत दिसतील असं कोणालाच वाटत नव्हतं. आजच्या रस्त्यानं हे अंतर सतराशे किलोमीटरच्या आसपास भरतं. वाहन नाही, पायात काही नाही, चालायचं ते फक्त उजेडात, समोरची चार हात जमीन बघत. दिवसातून एकदाच उभ्यानं, हातांच्या ओंजळीत आहार. पाणीसुद्धा त्याच वेळी. अंतराय आला, एखादा केस जरी निघाला, तरी तिथेच हात सोडायचे आणि उद्याची वाट बघायची. तरीही चालणं चुकत नाही. नागपूर, रायपूर करत संघ १९२८ च्या फाल्गुनात शिखरजीला पोचला.

आता हिशोबाची बाजू बघा, ती फारशी कोणी लिहीत नाही. मुनींजवळ पिंछी आणि कमंडलू, बाकी शून्य. पण त्या शून्याला चालतं ठेवायला किती लागलं! मुंबईच्या पूनमचंद घासीलाल जवेरी यांच्या घराण्यानं संघाचा खर्च उचलला. शेकडो श्रावक-श्राविका बरोबर. आणि प्रत्येक मुक्कामी चौका. विकतचं पीठ चालत नाही, ते जात्यावर दळायचं. पाणी विहिरीचं, गाळून घेतलेलं. धान्य निवडलेलं, सोवळं पाळलेलं. हे सगळं चार महिने, रोज नव्या गावात, नव्या चुलीवर. पहाटे उठून कोण दळत होतं? आपल्याच आज्या-पणज्या. स्वयंपाक करून पडगाहनाला दारात उभं राहायचं आणि महाराज शेजारच्या चौक्याकडे वळले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आजेसासूबाईंच्या एक आत्या काही मजल संघाबरोबर गेल्या होत्या. यात्रेचं काय आठवतं विचारलं की त्या तळहात दाखवायच्या, जात्याच्या खुंट्यानं आलेले फोड इथे होते म्हणून.

ज्यानं एकेकाळी म्हातारीला पाठीवर वाहिलं, त्याला आता सगळा समाज वाहत होता. याचं महाराजांना ओझं वाटत असेल का, असं मी आमच्या स्वाध्यायात एकदा विचारलं, तर सगळ्या माझ्याकडे बघायलाच लागल्या.

शिखरजीहून ते लगेच दक्षिणेत परतले नाहीत. कटनी, ललितपूर, मथुरा, दिल्ली, जयपूर असे एकामागून एक चातुर्मास उत्तरेत झाले. दिल्लीत काही भागांत दिगंबर मुनींच्या फिरण्याला आडकाठी होती, तरी महाराज गेले. लाल किल्ला, जामा मशीद अशा ठिकाणी त्यांनी फोटोही काढू दिले. स्वतःच्या हौसेसाठी नव्हे, तर इथून दिगंबर मुनी चालत गेले होते याचा पुरावा राहावा म्हणून. ज्यांना आरशातही बघायचं नसतं, त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं!

एक गोष्ट मात्र मला जड जाते आणि ती टाळून लिहिणं बरं नव्हे. मुंबई सरकारचा हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा जैन मंदिरांना लावला, म्हणून महाराजांनी १९४८ पासून तीन वर्षांहून जास्त काळ अन्न वर्ज्य केलं. १९५१ मध्ये हायकोर्टाचा निकाल आल्यावर ते सोडलं. जैन धर्माचं वेगळेपण मान्य व्हावं हे त्यांचं म्हणणं मला समजतं. पण देवळाच्या दारात माणूस अडवायचा, हे मला अजूनही पटत नाही. तीन वर्षं अन्नाशिवाय काढण्याच्या शक्तीपुढे मी हात जोडते आणि तरीही पटत नाही.

शेवटी डोळे गेले. पायाखालचा जीव दिसत नसेल, तर मुनीनं चालायचं कसं? ज्यांचं सगळं आयुष्य चालण्यात गेलं, त्यांनी मग थांबायचं ठरवलं. १४ ऑगस्ट १९५५ ला कुंथलगिरीवर सल्लेखना सुरू झाली. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी शेवटचा उपदेश केला तो मराठीत, आणि तो ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आहे. छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरच्या सकाळी, देह सुटला.

त्या सव्विसाव्या दिवशीही ते लोकांना धीर धरायला सांगत होते. भिऊ नका, संयम घ्या, असं. नातवानं मला ते मोबाईलवर लावून दिलं. आवाज बारीक आहे, पण बोलणं आपल्याकडचंच. गावचा कोणी जाणता माणूस ओट्यावर बसून समजावतोय असं वाटतं.

माझी डोली दोन पोरांनी उचलली होती. धाकटा जेमतेम विशीचा. वाटेत मी चारदा म्हटलं, "बाबा, थकला असशील, उतरते मी." चौथ्या वेळी तो हसून म्हणाला, "माताजी, आप बस णमोकार बोलिए." पार्श्वनाथाच्या टोंकेखाली त्यांनी डोली ठेवली. तिथून वरच्या पायऱ्या मी कठड्याला धरून चढले. उतरून आले, तर तो माझी काठी आणि चपला सांभाळत बसला होता.