निखाऱ्यांवरचा केक

नागोठण्याचा इतिहास सांगताना आपण अंबा नदीवरच्या जुन्या दगडी पुलापासून सुरुवात करतो. चौलच्या काजी अलाउद्दीन यांनी तो १५८० च्या सुमारास बांधल्याचे १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात नमूद आहे. पूल बांधणाऱ्याचे नाव राहिले. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या ईदची चूल पेटवणाऱ्या बायकांचे नाव मात्र कुठल्याच दप्तरात नाही. आज थोडे त्यांच्याविषयी, केकच्या निमित्ताने.

केक हा साहेबाचा पदार्थ, असे आपण समजतो. चॉकलेट केकच्या बाबतीत तर तो साहेबाकडेही फार जुना नाही. कोको अमेरिका खंडातला. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हौटेन यांच्या कारखान्याने कोकोतले तूप दाबून काढण्याची रीत आणली आणि त्याची भुकटी करणे सोपे झाले. १८४३ मध्ये इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली, तीही आजारी पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून. कपकेकचे मूळही घरातच सापडते. १७९६ च्या एका अमेरिकन पाकपुस्तकात अमेलिया सिमन्स या बाईंनी लहान कपांत भाजायचा केक सांगितला आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईची आगबोट धरमतरच्या खाडीतून नागोठण्याला येई आणि साहेबलोक इथून महाडमार्गे महाबळेश्वरला जात. त्यांच्या शिदोरीतला केक गावाने पाहिला असेल. चाखला असेल असे वाटत नाही.

आमच्या घरात केक आला तो आखातातून. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे कामे निघाली आणि कोकणातले तरुण विमानात बसले. सुटीवर येणाऱ्यांच्या बॅगांत अत्तर, दूधपावडर आणि कोकोचे डबे असत. डबा आला, पण ओव्हन कुठे होता? ईदच्या आधी नानखटाईचे पीठ मळून बेकरीवाल्याच्या भट्टीत द्यायची रीत होती. केकचे पातळ मिश्रण डोक्यावरून भट्टीपर्यंत न्यायचे कसे?

दादीने तो प्रश्न बिर्याणीच्या पद्धतीने सोडवला. दम द्यायचा तर झाकणावर निखारे ठेवायचे, हे तिला ठाऊकच होते. जाड पातेल्यात रेती तापवायची, तीवर मिश्रणाचा डबा, वर परात आणि परातीत निखारे. खाली कमी, वर जास्त. उलटे झाले की बूड करपते. मापासाठी तागडी. एका पारड्यात चार अंडी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची साखर, मग तेवढेच तूप, तेवढाच मैदा. त्यातला तीन चमचे मैदा काढून कोको घालायचा. साखर-तूप एकाच दिशेने पांढरे होईस्तोवर फेटायचे. हात भरून आला की पुढची सून बसे. उरलेले मिश्रण तेल लावलेल्या वाट्यांत जाई. मुलांसाठीच्या त्या केकला कपकेक म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळले.

पुढे नागोठण्याला गॅसवर चालणारा पेट्रोकेमिकल कारखाना उभा राहिला, १९९० च्या सुमारास तो सुरू झाला. वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांची माणसे आली, वाढदिवसाचा केक गावच्या ओळखीचा झाला, विजेचे ओव्हन घरात शिरले. आज आमच्या घरातल्या मुली ऑर्डरी घेतात. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ पासून अमलात आला आणि त्याने घरगुती केकवालीलाही नोंदणी सांगितली.

भाचीचा नोंदणीचा कागद आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. व्यवसायासमोर तिचे स्वतःचे नाव होते. बापाचे नाही, नवऱ्याचे नाही. दादीला कुराणशरीफ वाचता येई, पण मराठी लिहिता येत नसे. तिच्या मापाचा एकही कागद मागे नाही. भाचीला मी विचारले, अंडी तोलायचे कुठे शिकलीस? म्हणाली, "अम्मीला बघून." अम्मी दादीला बघून शिकली होती. आमच्या घरातला या विद्येचा दप्तरी पुरावा तेवढ्या एका कागदापासून सुरू होतो. त्याआधीचे निदान इथे नोंदवून ठेवले आहे.