फोटो स्पर्धेचा निकाल: लाइक्स मोजायचे की गुण?

हौशी फोटोग्राफी स्पर्धांमध्ये निकालावरून वाद ठरलेलाच. ऑनलाइन मतदान असेल तर ज्याचे व्हॉट्सॲप ग्रुप जास्त, त्याच्या फोटोला लाइक्स जास्त. तिथे फोटोपेक्षा ओळखी मोजल्या जातात. त्यामुळे ‘लोकप्रिय फोटो’चं बक्षीस मुख्य निकालापासून वेगळं ठेवलेलं बरं.

मुख्य निकालासाठी साधारणपणे तीन परीक्षक नेमतात. त्यांना स्पर्धकाचं नाव दिसू नये आणि एकमेकांचे गुणही कळू नयेत. तरीही बेरीज फसवू शकते. एका फोटोला ९, ९, ३ आणि दुसऱ्याला ७, ७, ७ गुण मिळाले, तर बेरीज दोन्हीकडे २१च. पण पहिला फोटो दोघांना जबरदस्त आवडलाय, तिसऱ्याला अजिबात नाही. इथे परीक्षकांनी एकत्र बसून बोलायलाच हवं. नाहीतर कुणालाच न खटकणारे गुळमुळीत फोटो जिंकत राहतात.

नाव झाकलं तरी फोटो खरा आहे का, हा प्रश्न उरतोच. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत हौशी फोटोग्राफरही उतरतात. २०१७ मध्ये तिथे बक्षीस मिळालेला मुंगीखाऊ प्राण्याचा फोटो २०१८ मध्ये बाद झाला. त्यातला प्राणी पेंढा भरलेला असावा, असं पाच तज्ज्ञांचं मत पडलं. फोटोग्राफरने आरोप फेटाळला. त्याने त्या फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या रॉ फाइल्स दिल्या, पण त्यांत मुंगीखाऊ नव्हताच.

छोट्या स्पर्धेतही अंतिम फेरीत रॉ फाइल मागता येते. मात्र ही अट प्रवेशिकेवर आधीच छापलेली हवी.