सिग्नलवर बसला अग्रक्रम : लंडनची पद्धत

चौकाकडे येणारी बस यंत्राद्वारे आपोआप ओळखायची आणि तिच्यासाठी सिग्नलच्या वेळेत काही सेकंदांचा बदल करायचा, या पद्धतीला ‘बस अग्रक्रम’ म्हणतात. पन्नास प्रवाशांची बस आणि एकट्या चालकाची मोटार यांना साधा सिग्नल सारखेच थांबवतो. रस्त्यावरील वाहनांऐवजी त्यांतील माणसांचा वेळ मोजावा, हे या पद्धतीचे मूळ सूत्र होय.

पूर्वी बस ओळखण्यासाठी रस्त्याखाली तारेचे वेटोळे पुरत आणि बसच्या तळाशी संदेश देणारे उपकरण लावत. रस्ता खोदला की वेटोळे तुटे. लंडनमध्ये २००७ ते २००९ या काळात सुमारे ८,००० बसगाड्यांवर ‘आयबस’ यंत्रणा बसविण्यात आली. उपग्रहाकडून मिळणारे स्थान व चाकांच्या फेऱ्यांवरून काढलेले अंतर यांचा मेळ घालून बस नेमकी कोठे आहे, हे ती ठरवते. नकाशावर निश्चित केलेला बिंदू बसने ओलांडताच रेडिओद्वारे सिग्नलला संदेश जातो. चौकाच्या अलीकडे थांबा असल्यास हा बिंदू थांब्याच्या पुढे ठेवावा लागतो. अन्यथा प्रवासी चढत-उतरत असतानाच हिरवा दिवा वाया जातो.

संदेश मिळाल्यावर सिग्नल दोनपैकी एक गोष्ट करतो. दिवा हिरवा असेल तर बस पार होईपर्यंत तो लांबवतो. लाल असेल तर आडव्या रस्त्याचा हिरवा काळ आखडून बसची पाळी लवकर आणतो. पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यासाठी ठरवून दिलेला किमान वेळ मात्र कमी करता येत नाही.

प्रत्येक बसला सारखीच सवलत देणेही हिताचे नसते. उशीर झालेल्या बसच्या थांब्यांवर गर्दी साचते, त्यामुळे ती आणखी रेंगाळते आणि मागची बस तिला गाठते. मग दोन बस एकापाठोपाठ येतात आणि पुढे बराच वेळ एकही येत नाही. म्हणून रखडलेल्या बसला अधिक, तर वेळेवर असलेल्या बसला कमी अग्रक्रम देण्याची सोय या यंत्रणेत आहे.

तथापि, सिग्नलपर्यंत पोहोचण्याआधीच बस मोटारींच्या रांगेत अडकली, तर हिरव्या दिव्याचा उपयोग होत नाही. लंडनमध्ये बससाठी राखीव मार्गिका १९६८ पासूनच आहेत. मोकळी मार्गिका आणि बसला ओळखणारा सिग्नल यांची जोड मिळाली, तरच प्रवाशाचा वेळ खऱ्या अर्थाने वाचतो.