राणा प्लाझा: भेग दिसल्यापासूनचे २३ तास

२३ एप्रिल २०१३, सकाळ. हातात सुमारे २३ तास.

ढाक्याजवळचं सावर. आरिचा महामार्गालगतच्या राणा प्लाझात मोठा आवाज होतो आणि शिलाई कामगार जिन्यांवरून खाली धावत सुटतात. खांबांना भेगा पडल्यात. एवढ्या रुंद की आत हात जावा, असं काहींनी नंतर सांगितलं.

इमारत आठ मजली, नवव्याचं काम चालू. खाली दुकानं आणि बँकेची शाखा, वर तयार कपड्यांचे पाच कारखाने. जागेचा काही भाग म्हणजे बुजवलेलं तळं. वरचे मजले परवानगीविना चढवलेले. मूळ बांधकाम दुकानांसाठी आणि ऑफिसांसाठी. त्यावर शिलाई मशिनांच्या रांगा, कापडाचे तागे आणि वरच्या मजल्यांवर अवजड जनरेटर. यातल्या काही कारखान्यांचं परदेशी गिऱ्हाइकांसाठी सोशल ऑडिटही, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची तपासणी, झालेलं होतं. त्या तपासणीत खांब कुणी पाहिले नव्हते.

दुपार. हातात २० तासांहून कमी.

अभियंता येतो, भेगा पाहतो आणि इमारत रिकामी करा म्हणून सांगतो. औद्योगिक पोलीसही कारखाने बंद ठेवायला सांगतात. टीव्हीवाले चित्रण करून जातात. म्हणजे धोका गुपित नव्हता, तो त्या दिवशीच्या बातमीत होता. कामगारांना घरी पाठवलं जातं.

संध्याकाळ.

इमारतीचा मालक सोहेल राणा, सत्ताधारी पक्षात वजन असलेला माणूस, पत्रकारांना सांगतो की इमारतीला धोका नाही. ब्रॅक बँक मात्र शाखा बंद ठेवते आणि कर्मचाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावत नाही. कारखान्यांचा निरोप उलटा असतो: सकाळी आठला हजर राहा.

मला हा सगळा घटनाक्रम इथेच ठरलेला दिसतो. त्या वसंतात बांगलादेशात हरताळावर हरताळ चालले होते, माल अडकत होता. शिपमेंट चुकली की विदेशी ब्रँड दर पाडतो, नाहीतर माल विमानाने पाठवायला लावतो आणि ते भाडं कारखानदाराच्या माथी मारतो. ऑर्डर तुटण्याची भीती वरून खाली झिरपत सुपरवायझरपर्यंत येते आणि तो ती मशिनवर बसलेल्या बाईवर सोडतो. तिच्याखाली कुणीच नसतं. मालकाचा लोभ होताच, पण स्वस्त कपड्याची मुदत युरोप-अमेरिकेतल्या ऑफिसांत ठरत होती. प्रायमार्क, बेनेटन, मँगो, जो फ्रेश ही नावं या कारखान्यांच्या व्यवहारात सापडली.

२४ एप्रिल, सकाळी ८. हातात तासाभरापेक्षा कमी.

कामगार दाराशी जमलेत. बहुतेक बायका, कित्येक तर विशीही न गाठलेल्या. बँक बंद आहे, दुकानं बंद आहेत, हे त्यांना समोर दिसतंय. आत जायला त्या तयार नाहीत. महिना संपत आलाय आणि सांगितलं जातं की वर गेला नाहीत तर पगार मिळणार नाही. किमान वेतन तेव्हा महिना ३,००० टका. तो बुडाला तर घरभाडं आणि किराणा दोन्ही थकणार. पाचपैकी एकाही कारखान्यात युनियन नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या वतीने ‘आम्ही चढणार नाही’ असं म्हणणारं कुणी नव्हतं. एकेकटी बाई नाही म्हणू शकत नव्हती. त्या जिना चढल्या.

पावणेनऊच्या सुमारास. वीज जाते. वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू होतात. खांब थरथरतात.

८.५७. इमारत कोसळते. आत तीन हजारांहून जास्त माणसं.

त्यानंतरचे तास.

आधी धावले ते आसपासचे लोक. हातात साधनं नव्हती, म्हणून ढिगाऱ्यातले कापडाचे तागे उलगडून त्यांनी घसरगुंड्या केल्या आणि त्यावरून जखमींना खाली सोडलं. जे कापड वेळेत पोचावं म्हणून ही माणसं वर चढवली गेली, त्यावरूनच ती खाली आली. काहींना सोडवण्यासाठी ढिगाऱ्यातच हातपाय कापावे लागले.

आपल्याकडे त्याच महिन्याच्या ४ तारखेला ठाण्याच्या शिळफाट्याला बेकायदा इमारत पडून ७४ जण गेले होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला सावरची बातमी परकी वाटण्याचं कारण नव्हतं.

२८ एप्रिलला सोहेल राणा भारताच्या सीमेवर बेनापोलला पकडला गेला. १० मे रोजी, सतराव्या दिवशी, एक तरुणी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. मृतांचा आकडा १,१३४ वर थांबला, जखमी अडीच हजारांच्या घरात. ओळख न पटलेल्यांना ढाक्याच्या जुराईन कब्रस्तानात पुरलं.

त्याच मे महिन्यात कामगार संघटना आणि विदेशी ब्रँड यांच्यात ‘अकॉर्ड’ हा कायद्याने बंधनकारक करार झाला. कारखान्यांची स्वतंत्र तपासणी त्यात आलीच, आणि आणखी एक कलम आलं: इमारत धोकादायक आहे असं मानायला सबळ कारण असेल तर कामगार आत जायला नकार देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याचा पगार कापता येणार नाही.