वेताळाची मराठी प्रत

जुन्या कॉमिक्सच्या पुनर्मुद्रणाला सध्या जगभर बरे दिवस आले आहेत. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ची पन्नास वर्षांची सगळी चित्रमालिका फँटाग्राफिक्स या अमेरिकन प्रकाशनाने 2004 ते 2016 या काळात ओळीने छापली. हर्मीस प्रेसने ‘फँटम’च्या 1936पासूनच्या दैनिक पट्ट्या जाड बांधणीच्या खंडांत आणल्या. ऑस्ट्रेलियात फ्रू ही संस्था 1948पासून फँटम छापत आली आहे. आपल्याकडे राज कॉमिक्सचे जुने अंक हिंदीत पुन्हा निघतात. सोबत कॉमिक्सच्या इतिहासावरचे ग्रंथही येत असतात. लहानपणीचा नायक सुबक कागदावर भेटला की कुणालाही आनंद होतो. पण या सगळ्या पसाऱ्यात महाराष्ट्रातल्या मुलांनी प्रत्यक्षात वाचलेलं कॉमिक सापडत नाही. ते मराठीत होतं, आणि इंग्रजी मूळ कितीही देखणं छापलं तरी त्या मराठी अंकाचं पुनर्मुद्रण होत नाही. मराठी अंक हा स्वतंत्र दस्तऐवज आहे आणि तो तसाच जपला आणि छापला गेला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं पडताळायला आंबिवलीसारखी जागा घ्यावी. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडनंतरचं हे स्टेशन. शेजारच्या मोहन्याला नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एनआरसीचा, कारखाना उभा राहिला. कंपनी 1946ची. कारखान्याबरोबर कामगार वसाहत आली, आणि कारखान्याच्या पाळ्यांवर पगार मिळवणाऱ्या कुटुंबांची, मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांची एक पिढी इथे वाढली. अशा गावात पुस्तकांचं स्वतंत्र दुकान असायचं कारण नव्हतं. छापील मजकूर यायचा तो रेल्वेच्या वाटेने: मोठ्या स्टेशनावरचा व्हीलरचा स्टॉल, वर्तमानपत्रवाला, भाड्याने पुस्तकं देणारा आणि शेवटी रद्दीवाला. कॉमिक हा या वाटेसाठीच जन्मलेला ऐवज होता. स्वस्त, पातळ, पिन मारलेला, एका बैठकीत संपणारा आणि हातोहात फिरणारा. कॉमिक्सचा इतिहास लिहिणारे चित्रकार आणि प्रकाशक मोजतात. ही वाट आणि तिच्या टोकाला बसलेला वाचक मात्र त्या इतिहासात क्वचितच येतो.

‘इंद्रजाल कॉमिक्स’ टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये सुरू केलं. पहिल्या अंकाची किंमत 60 पैसे होती आणि पहिले 32 अंक फक्त फँटमचे होते. मराठी घरांत तो वेताळ झाला. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी ही मंडळी आली आणि 1990 मध्ये मालिका थांबेपर्यंत अंकांची संख्या 800च्या वर गेली. आता यातलं एक पान जवळून पाहावं. मूळ कथा वर्तमानपत्रातल्या आडव्या पट्टीसाठी काढलेली. ती उभ्या पानावर आणायची म्हणजे चौकटी तोडायच्या, काही कापायच्या, काही गाळायच्या. सुरुवातीच्या अंकांत तर कथेच्या वाट्याला जेमतेम 16 पानं होती आणि उरलेल्या पानांवर मुलांच्या मासिकासारखा किरकोळ मजकूर असायचा, त्यामुळे छाटणी अटळच होती. मग संवादाचे फुगे रिकामे करून त्यांत मराठी बसवायचं. इंग्रजीची मोठी अक्षरं एका उंचीत मावतात. देवनागरीला वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते, म्हणजे तेवढ्याच फुग्यात ओळी कमी बसतात. वाक्य आखूड करावं लागतं, तोडून बोलावं लागतं. ज्या तुटक, ठसकेबाज मराठीत वेताळ गुंडांना दम देतो, ती घडण्यात या जागेच्या टंचाईचाही वाटा असणार. इंग्रजी खंडात यातलं काहीच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. भाषांतर ते भाषांतर. फँटमचे जनक ली फॉक यांची मूळ कथा उपलब्ध असताना तिच्या छाटलेल्या मराठी आवृत्तीची एवढी मातबरी कशाला? याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे ‘मूळ’ नेहमी इंग्रजीतच असतं, हे गृहीतकच कच्चं आहे. डिसेंबर 1976 मध्ये इंद्रजालमध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. सुरुवातीची चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची होती. केशरी कुडता आणि जीन्स घातलेला हा तरुण डाकूचा मुलगा. जयगढ गावातले नागरिक उभे करून तो डाकूंशी लढतो. त्याच्या तोंडचं इंग्रजी हे मराठीपेक्षा अधिक अस्सल कसं ठरेल? ‘अमर चित्र कथा’चं तेच. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या या मालिकेचा चेहरा घडवण्यात राम वाईरकर आणि प्रताप मुळीक या मराठी चित्रकारांचा हात मोठा. शिवाजी महाराजांवरच्या अंकाची संहिता ‘फास्टर फेणे’च्या भा. रा. भागवतांची आणि चित्रं मुळीकांची. तो अंक मराठी मुलाने मराठीत वाचला, तर त्याच्या हाती दुय्यम प्रत पडली असं म्हणायला आधार नाही.

दुसरं उत्तर फँटमपुरतंच आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. गोरा माणूस जंगलात राहून काळ्या लोकांचा न्यायनिवाडा करतो, ही कल्पना आज टोचते आणि टोचायलाच हवी. म्हणूनच काही जण म्हणतात, असला माल पुन्हा छापूच नये. पण भारतीय आवृत्ती पाहिली की कळतं, हे टोचणं आजचं नाही. मूळ कथेतला बंगाला देश इंद्रजालमध्ये ‘डेंकाली’ झाला, सिंग चाचे ‘सिंगा’ झाले आणि फँटमच्या बापाला मारणारा रामा हा खलनायक ‘रामालू’ झाला. म्हणजे परकीय कथेतल्या खुणा इथल्या वाचकाला कुठे खुपतील, हे 1960च्या दशकातल्या संपादकांना समजत होतं आणि आपल्या परीने ते त्या बोथट करत होते. वसाहतवादी गोष्ट नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात कशी पचवली गेली, याचा हा लेखी पुरावा आहे. मूळ इंग्रजी पट्ट्यांत तो नाही, कारण तिथे बदलच झालेले नाहीत. आक्षेपार्ह भागाबद्दल स्पष्ट प्रस्तावना लिहून हे अंक छापले, तर वाचक त्या कथेकडे अधिक जाणतेपणाने पाहील. न छापल्याने फक्त तिची आठवण गोड होत जाईल.

खरी अडचण प्रती मिळण्याची आहे. अमेरिकेतली पुनर्मुद्रणं ज्यांच्या जोरावर उभी राहिली त्यांत बिल ब्लॅकबिअर्ड या एका माणसाचा वाटा फार मोठा आहे. ग्रंथालयं मायक्रोफिल्म करून वर्तमानपत्रांच्या मूळ फायली टाकून देऊ लागली, तेव्हा 1960च्या दशकाच्या अखेरीस त्याने सॅन फ्रान्सिस्कोत संस्था काढून त्या गोळा करायला सुरुवात केली. 1998 मध्ये हा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला तेव्हा तो सुमारे 75 टन होता आणि सहा ट्रेलर भरले होते. म्हणजे तिकडेही ग्रंथालयांनी कॉमिक टाकूनच दिलं होतं. आपल्याकडे 1954च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर ग्रंथालयांना द्यावी लागते. त्यांत मुंबईचं ग्रंथालयही आहे. कायद्याच्या व्याख्येत छोटी पुस्तिकाही पुस्तकच ठरते. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांचं गणित मात्र वेगळं. तिथे दाखल नोंदवहीत पुस्तक चढतं. पिन मारलेला अंक नियतकालिकांच्या टेबलावर येतो, फाटेपर्यंत वाचला जातो आणि निर्लेखनात रद्दीत जातो. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893चं. एवढ्या जुन्या संस्था असलेल्या जिल्ह्यात मराठी कॉमिक्सचा पद्धतशीर संग्रह उभा राहणं अशक्य नव्हतं, पण कॉमिक जपण्याची वस्तू आहे हेच मुळात कुणी मानलं नाही. घरांतल्या प्रतींचीही तीच गत. एनआरसीला 2009 मध्ये टाळं लागलं आणि पुढे वसाहत ओसरत गेली. घर हलवताना माणसं पोथी नेतात, पाठ्यपुस्तकं नेतात. मुखपृष्ठ निघालेले अंक सगळ्यात आधी तराजूत जातात.

यावर कुणी म्हणेल, आता शौकिनांनी केलेले स्कॅन फिरत असतातच, मग छपाईचा खटाटोप कशाला? शौकिनांचे उपकार मोठे आहेत, हे निर्विवाद. पण त्या स्कॅनमध्ये इंग्रजी आणि हिंदीच्या मानाने मराठी फार थोडं, पानं गहाळ, अंक कुणाचा आणि कुठून आला याची नोंद नाही, आणि हक्काचा प्रश्न तर अधांतरीच. हेच काम नीट करता येतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1967 मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीने 1971 मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केलं आणि त्याचे जुने अंक सगळ्यांसाठी मोफत खुले करून दिले. शिवाय ‘निवडक किशोर’चे खंडही काढले. प्रकाशकाने स्वतः, हक्कांसह, अंक जसाच्या तसा ठेवला की मजकुराबरोबर जाहिराती, किमती, वाचकांची पत्रं, चित्रकारांची नावं हे सगळं टिकतं. संशोधकाला पुष्कळदा कथेपेक्षा तेच अधिक लागतं.

उरला बाजाराचा प्रश्न. मराठीत गिऱ्हाईक नाही, ही समजूत तमिळकडे पाहिल्यावर टिकत नाही. शिवकाशीहून निघणारी मुत्तू आणि लायन ही कॉमिक्स वर्गणीदारांच्या जोरावर आजही चालतात. युरोपातल्या कथा तमिळमध्ये येतात आणि जुने अंक पुन्हा छापले जातात. आधी वर्गणी, मग छपाई, आणि दुकानांवर फारशी भिस्त नाही. दिवाळी अंकांसाठी आगाऊ पैसे भरणाऱ्या मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. फँटमसाठी किंग फीचर्सची परवानगी लागेल, मराठी मजकुरासाठी टाइम्स समूहाची, आणि ही दुहेरी वाटाघाट सोपी नाही. म्हणून सुरुवात ‘बहादूर’च्या मराठी अंकांपासून व्हावी. पात्र इथलं, आणि त्याचे जनक सुरती ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला राहून लिहीत आले आहेत. डिसेंबर 1976च्या अंकापासून क्रमाने, मूळ आकारात, कापलेल्या चौकटी भरून न काढता आणि भाषा न सुधारता ते छापावेत. मराठी मजकूर कोणी लिहिला आणि फुग्यांत कोणी बसवला, त्यांची नावं कार्यालयीन कागदांतून जितकी हाती लागतील तितकी पहिल्या पानावर चित्रकाराच्या नावाशेजारी द्यावीत.