लुईझियानाचा किनारा आणि हिवाळ्यातले उत्तरी वारे

लुईझियाना राज्याचा किनारा मिसिसिपी नदीने आणलेल्या गाळाचा आहे. गेल्या सुमारे सात हजार वर्षांत नदीने अनेकदा मुख बदलले, आणि प्रत्येक सोडलेल्या मुखापाशी दलदल, उथळ उपसागर आणि वाळूची लांबट बेटे मागे राहिली. मेक्सिकोच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो. त्यामुळे इथे पाणी आणि गाळ हलवण्याचे काम मुख्यतः वाऱ्याकडे येते. या किनाऱ्याचा इतिहास चक्रीवादळांच्या सालांनी सांगण्याची पद्धत आहे, पण तो अपुरा आहे. एखाद्या ठिकाणी मोठे चक्रीवादळ वर्षानुवर्षांच्या अंतराने येते. शीत आघाड्या मात्र ऑक्टोबर ते एप्रिल या काळात दर चार ते सात दिवसांनी येतात आणि एका हंगामात त्यांची संख्या वीस-तीसपर्यंत जाते.

शीत आघाडी म्हणजे उत्तरेकडून उतरणाऱ्या थंड, कोरड्या हवेची पुढची कड. ती किनाऱ्यावर पोचण्याआधी एक-दोन दिवस आखातावरून दमट दक्षिणी वारा सुटतो. तो लाटा उठवतो आणि पाणी किनाऱ्याकडे रेटतो. उपसागर तुडुंब भरतात, दलदलीत पाणी चढते. आघाडी पुढे सरकली की काही तासांत वारा वायव्येला आणि मग उत्तरेला फिरतो, पारा कोसळतो आणि साठलेले पाणी आखाताकडे लोटले जाते. जोराच्या आघाडीनंतर उपसागरांचा चिखलाचा तळ उघडा पडतो आणि होड्या जागीच रुततात. इथली खोली बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मीटरच असते. म्हणून फार उंच नसलेल्या, आखूड लाटांचा जोरही थेट तळाला पोचतो. घुसळलेला गाळ ओसरत्या पाण्याबरोबर बाहेर पडतो आणि आखातात दूरवर तपकिरी पट्टा पसरतो.

नॉर्वेतल्या याकोब ब्यर्क्नेस यांनी १९१९ मध्ये वादळांची रचना मांडली. तेव्हापासून हवामानशास्त्रात आघाडीची कल्पना रुजली. कोळ्यांना मात्र हा वारा त्याच्या खूप आधीपासून पाठ होता. थंडी पडून पाणी ओसरू लागले की पांढरी कोळंबी उपसागरांतून आखाताकडे निघते. अरुंद मुखांपाशी जाळी लावून बसणाऱ्यांना हा वारा हवाहवासा वाटे. बाराटारिया उपसागरात फिलिपिनो आणि चिनी लोकांनी खांबांवर लाकडी फलाट उभारून सुक्या कोळंबीचा मोठा धंदा केला. मनिला व्हिलेज ही त्यांतली प्रसिद्ध वस्ती. मिठाच्या पाण्यात उकडलेली कोळंबी फलाटावर पसरायची, दाताळ्याने उलटीपालटी करायची, आणि खडखडीत वाळली की पायांना गोणपाट गुंडाळून तिच्यावर नाचायचे, म्हणजे टरफले सुटत. आघाडीपुढचा पाऊस दिसताच वाळवणाचे ढीग करून वर ताडपत्री टाकावी लागे. पाऊस सरल्यावर येणारी कोरडी हवा वाळवणाला पोषक ठरे. ही वस्ती १९६५ च्या बेट्सी चक्रीवादळात उद्ध्वस्त झाली.

पश्चिमेकडचे आयल डर्निएर हे बेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऊसमळ्यांच्या मालकांचे उन्हाळी विश्रामस्थान होते. १० ऑगस्ट १८५६ च्या चक्रीवादळात तिथले हॉटेल आणि घरे वाहून गेली आणि सुमारे दोनशे माणसे दगावली. पुढे बेटाचे तुकडे झाले. आज त्यांना रॅकून, व्हिस्की, ट्रिनिटी आणि ईस्ट अशी नावे आहेत. ही झीज केवळ चक्रीवादळांची नव्हे. दर आघाडीत आधी दक्षिणी वाऱ्याच्या लाटा बेटाची समुद्राकडची बाजू खातात, मग उत्तरी वाऱ्याच्या लाटा मागची, उपसागराकडची. दलदल जसजशी नष्ट होते तसतसे मागचे उघडे पाणी रुंदावते, वाऱ्याला लाटा वाढवायला जास्त अंतर मिळते आणि पुढच्या हिवाळ्यातला मार वाढतो. बेटांच्या दृष्टीने हे चक्र घातक आहे.

दोष वाऱ्याचा म्हणता येत नाही. तोच वारा दुसरीकडे जमीनही बांधतो, पण त्यासाठी गाळ लागतो, आणि गाळ कुठे जाईल हे माणसाने बदलले. १८३१ मध्ये कॅप्टन हेन्री श्रीव्ह यांनी नौकानयनासाठी मिसिसिपीचे एक वळण कापले. मिसिसिपीतून फुटणाऱ्या अचाफलाया नदीच्या सुरुवातीलाच ओंडक्यांचा प्रचंड गुंता अडकला होता. १८३९ पासून तोही काढायला सुरुवात झाली. वाट मोकळी होताच अचाफलाया मिसिसिपीचे अधिकाधिक पाणी ओढू लागली. १९२७ च्या महापुरानंतर मिसिसिपीचे बांध आणखी भक्कम झाले आणि तिचा गाळ शेजारच्या दलदलीत पसरेनासा झाला. अचाफलायाच्या पुराचे पाणी बाहेर काढण्यासाठी लष्कराच्या अभियंत्यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला वॅक्स लेकचा कालवा खोदला. मिसिसिपी आपला मार्गच सोडून जाईल, असा इशारा भूवैज्ञानिक हॅरॉल्ड फिस्क यांनी १९५२ च्या अहवालात दिला. म्हणून १९६३ मध्ये या दोन नद्यांना जोडणाऱ्या ओल्ड रिव्हर या पात्रापाशी नियंत्रक दारे सुरू झाली, आणि मिसिसिपी व रेड या नद्यांचे मिळून ३० टक्के पाणी अचाफलायाला द्यायचे ठरले.

या गाळाने १९७३ च्या पुरात अचाफलाया उपसागरात नवी जमीन पाण्यावर आली, एक नदीच्या मुखाशी आणि दुसरी वॅक्स लेकच्या कालव्यापाशी. दर हिवाळ्यात आघाड्या या नव्या त्रिभुज प्रदेशांना चाळून काढतात. बारीक चिखल बाहेर जातो, जाड वाळू मागे राहते. बाहेर गेलेला चिखल बहुतांशी पश्चिमेकडे सरकतो. तिकडे ओकवृक्षांच्या जुन्या वाळूटेकड्यांपुढे, शेनिएर मैदानाच्या किनाऱ्याला, १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून चिखलाचे पट्टे वाढताना दिसू लागले. आघाडीपूर्वीचा वारा दाट, वाहता चिखल काठावर चढवतो. मग उत्तरी वारा पाणी मागे हटवतो आणि कोरडी हवा त्या उघड्या चिखलाला तडे पाडून घट्ट करते. चिखल लाटांचा जोरही शोषून घेतो. केरळच्या आलप्पुळा किनाऱ्यावर पावसाळ्यात ‘चाकरा’, म्हणजे किनाऱ्यालगतचा चिखलपट्टा, समुद्र शांत करतो तो याच गुणाने. म्हणूनच लुईझियानाचा पूर्वेकडचा किनारा झिजत असताना पश्चिमेच्या या तुकड्यात जमीन पुढे सरकली.

लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या हॅरी रॉबर्ट्स, ऑस्कर हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उपग्रहचित्रे आणि किनाऱ्यावरच्या मोजण्या जुळवून आघाड्यांचे हे काम पद्धतशीर मांडले. १९३२ ते २०१६ या काळात राज्याने सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली, म्हणजे मूळ क्षेत्राचा जवळपास चौथा हिस्सा. खचणारी भूमी, तेल कंपन्यांचे कालवे आणि बांधांआड अडलेला गाळ ही त्याची मोठी कारणे. तुटक्या बेटांवर आता बाहेरून वाळू आणून टाकली जाते. कॅमिनाडाच्या किनारपट्टीसाठी ती समुद्रातल्या शिप शोल या बुडालेल्या जुन्या वाळूपट्ट्यातून उपसून आणली. पुढच्या हंगामात आघाड्या ती हलवू लागतात, म्हणून तिच्यावर गवत लावून कुंपणे घातली जातात.