बिनतारी वीज : आता भिंतच देणार लहरींना दिशा

जुळे सोलापूर, प्रतिनिधी : जुळे सोलापुरातून पुण्याकडे निघालेली मोटार सावळेश्वरच्या टोलनाक्यावर पोचते, तेव्हा तिच्या काचेवरील फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरील यंत्राने सोडलेल्या रेडिओ लहरींतूनच त्यातील चिपला शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक कळविते. फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला हा टॅग म्हणजे बिनतारी ऊर्जावहनाचे आपल्या रोजच्या वापरातील उदाहरण होय.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विल्यम ब्राउन यांनी १९६४ मध्ये सूक्ष्मलहरींच्या बळावर छोटे हेलिकॉप्टर उडविले. २००७ मध्ये एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी चुंबकीय अनुनादाने दोन मीटरवरील ६० वॅटचा दिवा लावला. त्यात सुमारे ४० टक्के ऊर्जा पलीकडे पोचली.

अडचण आहे ती अंतराची. मोकळ्या जागेत लहरी पसरत जातात आणि अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. टॅग वाचणाऱ्या यंत्रांना भारतात ४ वॅटची प्रसारणमर्यादा आहे. एवढ्या प्रक्षेपणातून पाच मीटरवरील लहान अँटेनाला मिलिवॅटचा काही अंशच मिळतो. घरातील ९ वॅटच्या एलईडी दिव्याला त्याच्या हजारो पट शक्ती लागते. मध्ये भिंत आली, तर तीही आणखी घटते.

यावर संशोधक सुचवीत असलेला उपाय म्हणजे 'पुनर्रचनाक्षम बुद्धिमान पृष्ठभाग'. हा भिंतीवर लावायचा तक्ता असून, त्यावर धातूच्या शेकडो छोट्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीला जोडलेल्या डायोडचा विद्युतदाब बदलला, की परावर्तित लहरीची कला बदलते. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावर कोणता धागा उचलायचा हे जसे छिद्रांच्या पुठ्ठ्यावरून ठरते, तसे येथे प्रत्येक पट्टीने लहर किती उशिराने परतवायची हे नियंत्रक ठरवितो. सर्व लहरी एकाच ठिकाणी एकाच तालात पोचल्या, की त्यांची बेरीज होते. पट्ट्या दुप्पट केल्यास त्या ठिकाणी मिळणारी शक्ती जवळपास चौपट होऊ शकते.

मात्र हा तक्ता वीज निर्माण करीत नाही. वाया जाणारी ऊर्जा तो फक्त वळवितो. त्याच्या नियंत्रकालाही थोडी वीज लागतेच. तक्ता प्रक्षेपकापासून आणि ग्राहक यंत्रापासूनही दूर असल्यास लाभ घटतो, म्हणून तो दोहोंपैकी एकाच्या जवळ असावा लागतो. शिवाय फास्टॅगच्या कंपनसंख्येला दहा बाय दहा पट्ट्यांचा तक्ता सुमारे पावणेदोन मीटर रुंद होईल. २.४ गिगाहर्ट्झला तोच साठ सेंटिमीटरवर येतो.

त्यामुळे याचा खरा उपयोग आहे तो पुलाची कंपने, शीतगृहातील तापमान किंवा भिंतीतील ओल मोजणाऱ्या संवेदकांसाठी. असे शेकडो संवेदक बसविल्यावर त्यांच्या बॅटऱ्या बदलणे हेच मोठे खर्चाचे काम ठरते. हे तंत्र आज प्रामुख्याने प्रयोगशाळांत आणि चाचण्यांत आहे.

सुरक्षिततेचा प्रश्नही आहेच. लहरी एका ठिकाणी एकवटल्या, की तेथील तीव्रता वाढते. भारताने सप्टेंबर २०१२ पासून मोबाईल मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. माणसांच्या वावरात ऊर्जा पाठवितानाही अशीच काळजी घ्यावी लागेल. तेव्हा भारनियमनावर तोडगा म्हणून घरभर 'विनातार वीज' देण्याचा दावा कोणी केलाच, तर किती वॅट, किती अंतरावर, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.